पासिंगपुरती

डॉक्टर : श्वास आत घ्या... धरा... आता सोडा. काका, पोट असं आवळू नका, सोनोग्राफीत मला आतलं बघायचंय.

मिस्त्री : आवळत नाही, बाई. हे तुम्ही पोटाला लावलंय ना, ते गार आहे.

बायको : गार कसलं, घाबरलेत. सकाळी शर्ट उलटा घालून निघाले होते.

मिस्त्री : तू जरा बाहेर बस ना.

बायको : मागच्या खेपेला बसले होते की बाहेर. घरी आल्यावर काय सांगितलंत? किरकोळ आहे म्हणून. आणि मग रात्रभर भिंतीकडे बघत पाणी पीत बसलात. तेव्हाच कळलं मला, किरकोळ म्हणजे केवढं ते.

डॉक्टर : असू देत काकू इथंच. काका, मागच्या वेळी मी म्हटलं होतं, लिव्हर चरबीनं सुजलंय, रोजची दारू थांबवा. ते निबर झालं की मागे फिरणं कठीण. आठवतंय ना?

मिस्त्री : आठवतंय म्हणून तर थांबवली. दीड महिना झाला.

बायको : त्याआधी 'शेवटची बाटली' चालू होती. द्रौपदीची थाळीच ती, संपता संपेना. पण मग खरंच थांबले हो. गॅरेजातून सरळ घरी. हात ग्रीसचे, तोंडाला वास चहाचा. मला आधी ओळखूच येईनात.

डॉक्टर : हं.

मिस्त्री : हं म्हणजे? बाई, मीसुद्धा गिऱ्हाइकाच्या इंजिनात वाकून असंच हं म्हणतो.

बायको : आणि मग गिऱ्हाइकाला खुर्ची देतात बसायला.

डॉक्टर : थांबा, स्क्रीनच फिरवते तुमच्याकडे. डावीकडचं मागच्या वेळचं. उजवीकडचं आत्ताचं, चालू.

मिस्त्री : मला तर दोन्हीकडे धुकंच दिसतंय.

डॉक्टर : खाली बघा. डावीकडे तळाशी काही दिसतंय?

मिस्त्री : काही नाही. सगळं धुरकट.

डॉक्टर : आणि उजवीकडे?

मिस्त्री : रेघ आहे. पांढरी, वाकडी. श्वास घेतला की हलतेय.

डॉक्टर : तो छाती आणि पोटामधला पडदा. मागच्या वेळी चरबीच एवढी दाट होती की तिथवर नजर पोचत नव्हती. आता ती उतरलीय. सगळी नाही, पण बरीच. आणि ह्या काळ्या नळ्या म्हणजे शिरा. मशीनवर रंग लावते, रक्त वाहताना दिसेल, बघा.

मिस्त्री : हे... हे आत्ता वाहतंय?

डॉक्टर : आत्ता. तुम्ही बोलताय तेव्हाही.

(मिस्त्री कोपरावर उठून स्क्रीनकडे वाकतो.)

मिस्त्री : कुणी केलं हे?

डॉक्टर : काय?

मिस्त्री : ही साफसफाई. तुम्ही गोळी दिली नाही, मी काही केलं नाही.

डॉक्टर : त्याचं त्यानंच केलं. तुम्ही फक्त वाटेतून बाजूला झालात.

मिस्त्री : बाई, माझा जन्म गेला इंजिनं खोलण्यात. आधी बंद करावं लागतं, मग उतरवावं लागतं. आणि हे चालता चालता स्वतःला धुतंय?

बायको : बघा कसे बघतायत. लग्नात माझ्याकडेसुद्धा असं बघितलं नव्हतं.

मिस्त्री : मग एवढी वर्षं ओरडलं का नाही? टायरसुद्धा फुटताना आवाज करतो.

डॉक्टर : त्याला आतून दुखतच नाही, काका. ते बोलायला लागतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. तुम्ही वेळेत आलात.

मिस्त्री : आलो कसला. पासिंगला आलो.

डॉक्टर : म्हणजे?

मिस्त्री : लॉरी आरटीओत पासिंगला न्यायची असली की आमच्याकडे दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवतात. साहेबानं शिक्का मारला की परत आणून उतरवायचे, जुने गुळगुळीत लावायचे. तसंच केलं मी. तुमच्या तपासणीपुरती सोडली. आज संध्याकाळी गॅरेजात मंडळी जमणारेत, बाटली टायरांच्या चळतीमागं आणून ठेवलीय.

डॉक्टर : काका...

मिस्त्री : तुम्हाला फसवायचं होतं, बाई. ह्याला नाही. पण ह्याला वाटलं, मी खरंच सोडली. आणि हे बिचारं लागलं की कामाला.

बायको : त्याला एकट्यालाच नाही वाटलं.

मिस्त्री : अगं...

बायको : फोन वाजतोय तुमचा, माझ्या पिशवीत. गॅरेजातूनच आहे. घ्यायचाय?

मिस्त्री : वाजू दे. बाई, अजून एकदा श्वास धरू का? ती रेघ बघायचीय.