ताईच्या गोळ्या

पोटाच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं. धाकटीच्या तोंडाला मास्क होता, केस गेलेल्या डोक्याला घट्ट रुमाल.

“ताई, आत गेल्यावर खरं सांगायचं. तुझ्या गोळ्या तू मला दिल्यास.”

“अगं, आतड्याचा आजार दोघींचा एकच. मला गुण आला, म्हटलं तुलाही येईल. एका आईच्या लेकी आपण!”

“तुझा आजार निवला, माझा चिघळत गेला. तपासणीत काय निघालं, ऐकलंस ना? ती गोळी जिरवणारं जनुकच माझं जन्मापासून वेगळं आहे. गोळी अंगात साचली आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत आल्या.”

“मला काय स्वप्न पडलं होतं?”

“असं जनुक भावंडांतही असू शकतं, तपासणीवाले डॉक्टर म्हणाले. उरलेल्या गोळ्या आधी फेकून दे.”

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“ताई? कुठायत गोळ्या?”

“दादाला दिल्या. त्यालाही हाच त्रास सुरू झाला होता, म्हणून...”

“कधी?”

“महिना झाला.”

“बरा आहे ना तो?”

“ताप आहे म्हणाला. अंगावर काढतोय.”

तेवढ्यात शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या नाहीत.

“तुम्ही जा गं आधी,” त्या म्हणाल्या. “आणि जाता जाता त्याला फोन लावा.”