खुर्चीचा डावा हात

आखातातल्या त्या शहरात अल सद्द स्टेशनवरून मेट्रो सुटली तेव्हा समोरच्या सीटवरचे दोघे सुतार मराठीत बोलत होते. आपलं इथं कुणाला कळतंय, अशा ऐसपैस आवाजात. वल्लरीने मुद्दामच मान मोबाइलमध्ये घातली.

"शहाजीदादा, अल रय्यानच्या मॅडमचं काम खलास ना? मग तोंड पाडून का बसलाय?"

"फ्रेंच खुर्ची रं हर्षल. लुई राजाच्या वक्ताच्या घाटाची. पाय बाकदार, त्यावर कोरलेली पानं. मॅडम म्हणाल्या, एक पाय डुगडुगतोय, तेवढा घट्ट करा."

"मग केला न्हवं?"

"केला. पण खुर्चीचा डावा हात लई काळपट दिसला. म्हटलं, आपल्याकडनं एवढं तरी करून द्यावं. पॉलिश पेपरनं घासला, वर पॉलिश मारलं. आरशागत चकाकला."

"मग बिघडलं काय?"

"त्यांचं मालक जल्मभर त्याच खुर्चीत बसायचं. औंदा गेलं. त्यांचा हात फिरून फिरून काळा झालता त्यो."

वल्लरीचा मोबाइल वाजला. आईचा फोन. उचलला तर मराठीत बोलावं लागेल, म्हणून तिने तो कापला.

"शिव्या दिल्या का मॅडमनी?"

"न्हाई. नुसती खुर्चीच्या हातावरनं बोटं फिरवत राहिल्या. मग विचारलं, घासून निघालेला भुसा कुठाय?"

"द्यायचा की मग!"

"खोली झाडून-पुसून दिलती रं मी. भुशाची पिशवीबी मीच बाहेर नेऊन कचऱ्यात टाकली."