जनाकाकूंचा भरलेला डबा

माझी सिगारेट कशी सुटली माहितीये? एका डब्यामुळे!

नारपोलीला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी सिगारेट ओढायचो आणि थोटकं तिथंच टाकायचो. खालच्या मजल्यावरच्या जनाकाकू रोज ओरडायच्या, मी रोज हसण्यावारी न्यायचो.

एकदा बायकोनं त्यांना डबाभर शिरा पाठवला. आठवड्यानं काकू डबा परत घेऊन दारात! बायकोनं झाकण उघडलं, तर आत गच्च थोटकं.

"रिकामा डबा कसा देऊ गो बाय?" काकू म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचाच माल हाय."

त्या दिवसापासून सिगारेट बंद. आता जिना चढताना धाप लागत नाही. परवा त्याच डब्यात पेढे घेऊन काकूंच्या पाया पडलो. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला, पण डब्याचा आधी वास घेतला.