कान हाय का समई?

...न्हाय, मला एवढंच सांगा, पोरीचा कान हाय का समई? तुमाला सांगतो, माझी पुतणी सुकन्या, दोन वर्साची, कानातनं पू वाहतोय, हाक मारली तर मान वळवत न्हाय, आन् घरात काय? आई, म्हंजी ठमाबाई, लसणीचं तेल कडवतीया! आबा म्हणत्यात, "आरं, आपल्या घरात समद्यांचंच कान फुटलं. काय बिघडलं?" काय बिघडलं! त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन वरडावं लागतंय, डावा कवाच गेला!

मी एकटाच जाऊन इचारलं तर बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "पू पुण्याला तपासायला पाठवू. परदेशात ह्यावर लस बनतेय, पण तिकडच्या पोरांच्या जंतूंवर. आपल्याकडचे त्यात नसले तर काय उपयोग? उद्या आणा, कानाला हात लावू नका."

सकाळी बघतो तर कान चकाचक! आईनं पुसून, वर तेल भरून ठिवलेला! "डाक्टरकडं घाण कान न्यायचा व्हय रं? लोकं काय म्हणतील?" अगं आये, घाणच पायजे हुती! कान हाय का समई?

आन् आबा माझ्यावरच! "कालेज सोडलेलं बेणं आमाला शिकवतंय! जंतू म्हंजी जंतू!" म्हणलं, आबा, सातशेचाळीस आन् सहाशेएकाहत्तर, दोन्ही ऊसच न्हवं? मग लागणीला वाण कशाला इचारता? डॉक्टर म्हणत्यात, ह्या एका जंतूचं नव्वदभर वाण हायत! आबांनी मान डोलवली. जल्मात पैल्यांदा!

मग काय, तेलाची बाटली कडब्यात दडवली, दोन दिसांत कान पुन्हा वाहाया लागला, तशी पोरीला काखेत मारली. पू गेला पुण्याला, औषध लागू पडलं. परवा गोठ्यात म्हैस हंबरली आन् सुकन्यानं गर्रकन मान वळवली... छाती अशी फुगली माझी! वर पुण्याहून निरोप, तिच्या कानातला वाण त्या लशीत न्हायच! डॉक्टर म्हणाले, "हेच तर कळायला हवं होतं!" आमच्या काटेवाडीच्या पोरीनं कळवलं, साहेब!

आता आबा पारावर छाती काढून, "आमच्या नातीचा वाण पार पुण्यात गाजला!" आन् आई? "माझ्याच तेलावर पोसलाय त्यो!"

झालं! आज शेजारची छबूबाई नातू घिऊन दारात. "ठमाबाई, घाला की थेंबभर, आमचा बी कान जाऊ द्या पुण्याला!" मागं आणिक चौघी.

कान हाय का... जाऊ द्या. म्हणलं, घाला बायांनो. वात तेवढी लावू नका!