मावशीचा फोन अडकला तेव्हा

अगं, परवा मालाडच्या मासळी बाजारात काय झालं, ऐक. माझी नेहमीची कोळीण मावशी पापलेट साफ करायचं सोडून फोनकडे टक लावून बसलेली. तिची लेक दुबईला असते, नुकतीच बाळंत झालीये. व्हिडिओ कॉल चालू असतानाच मावशीचा फोन हँग झाला आणि नातवाचा चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला.

मी म्हटलं, “मावशी, दे इकडे, बंद करून चालू करते.”

“थांब गं, बघू दे जरा. एरवी सारखा वळवळतो, तोंड नीट दिसतच नाय.”

मग काय, थांबले. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी तिनेच हात पुसून फोन माझ्यापुढे केला. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं, अशी दोन्ही बटणं मी एकदम दाबून धरली. दहा-बारा सेकंदांनी स्क्रीन काळी झाली.

“गेला?” मावशीचा आवाज एवढासा झाला.

फोन चालू होतोय तोच लेकीचा कॉल.

“आये, होतीस कुठं? किती वेळ फोन लावतेय मी!”

“हितंच होते गं,” मावशी म्हणाली. “पोराचं नाक थेट तुझ्या बापावर गेलंय. आज दिसलं मला.”