संकल्प एक, बिदागी सात

(अमरावती. शेअर दलालाच्या कचेरीतलं प्रणालीचं टेबल. समोर भातकुलीहून पहिल्या एसटीनं आलेले तिचे मामा-मामी, नत्थुजी आणि कौशल्या.)

नत्थुजी : एकशे चाळीस रुपये दलाली! वरून पंचवीस रुपये वीस पैसे जीएसटी! अन् घेतले किती? सात शेअर! भाची मनून खातं उघडलं तुह्यापाशी, अन् तूच मामाचा खिसा कापून राह्यली?

प्रणाली : हळू बोला मामा, साहेब आत बसलेत.

नत्थुजी : बसू दे. कापसाची अडत जनमभर देल्ली मी, मले नको शिकवू. तू वीस रुपये सांगतले होते का नाई?

प्रणाली : एका ऑर्डरले वीस. मग त्या ऑर्डरमधे शेअर एक घ्या की सात. तुम्ही ऑर्डर किती टाकल्या?

नत्थुजी : एक.

प्रणाली : इथे तर सात दिसतात.

कौशल्या : सातच. मी पाह्यलं ना! रोज आंघोळ, टिळा, मोबाईलले नमस्कार, अन् मंग बटन.

नत्थुजी : अवो, संकल्प होता तो! सप्ताहाचे सात दिवस, रोज एक शेअर. भाव वाढला का इकायचे, अन् भजनी मंडळाले नवा मृदंग घ्यायचा. जुना आता वाजत नाई, खोकलते.

प्रणाली : पण शनिवारी-रविवारी तर बाजार बंद असतो.

कौशल्या : मनून तं सोमवारी तीनदा दाबलं! एक शनिवारचा, एक रविवारचा, एक सोमवारचा. मधात दर वेळी हातपाय धुतले.

प्रणाली : अगं बाई! मामा, सातही एकदम घेतले असते तर वीस रुपये दलाली अन् तीन साठ जीएसटी. तेवीस साठमधे काम होतं.

नत्थुजी : पण संकल्प एकच होता ना? मंग ऑर्डर सात कशा?

प्रणाली : कॉम्प्युटरले संकल्प कळत नाही मामा. जितक्यांदा दाबलं, तितक्या ऑर्डर.

नत्थुजी : मले नाई पटत. खातं बंद कर.

प्रणाली : करते. हा घ्या फॉर्म. फक्त... मी उघडलेलं पहिलं खातं तुमचं होतं. अन् गावातले चौघं येणार होते, कालपासून सगळ्यांचे नकाराचे फोन. शेषरावकाका म्हणाले, ‘जे सख्ख्या मामाले सोडत नाही, ते आम्हाले काय सोडन?’ त्यांना कोणी सांगितलं, मामा?

कौशल्या : सांगा ना आता! काल्याचा प्रसाद वाटत वाटत सात घरी सांगून आले हे.

नत्थुजी : राग आला होता मले.

कौशल्या : आला असन. बरं, मले एक सांगा. सप्ताह किती झाले?

नत्थुजी : हे काय इचारनं झालं? एक.

कौशल्या : अन् बिदागीचे पाकिटं किती भरले? तुमीच भरले ना?

नत्थुजी : सात.

कौशल्या : काहून? सप्ताह तं एकच होता!

नत्थुजी : अवो येडे, रोज कीर्तन येगळं! ऐकनारे दहा असो का हजार, महाराज अभंग एक घेवो का चार, जितक्यांदा कीर्तनाले उभे राह्यले, तितकी बिदागी...

प्रणाली : अन् जितक्यांदा बटन दाबलं? बोला ना मामा.

नत्थुजी : रामकृष्ण हरी! पोरी, मीनं सात कीर्तनं केले अन् बिदागी एकाचीच धरली!

प्रणाली : अन् सोमवारी एकाच मंडपात तीन महाराज उभे केले.

नत्थुजी : फाड तो फॉर्म. खातं राहू दे. आज सांजच्या आरतीले सारे जमतात, तिथंच सांगून टाकतो, पोरीची काई चूक नाई मनून. सातही घरं एका ऑर्डरमधे!

कौशल्या : जमत नाई. बोलले सात घरी, तं सातही घरी जा लागन. तिथं ठोक भाव नाई.

नत्थुजी : जाईन. चप्पल झिजली तं झिजली.

प्रणाली : राहू द्या मामा. एवढ्या उन्हात सात घरं कशाला?

नत्थुजी : सात नाई बाई, आठ. पयलं इथूनच सुरू होते. चुकलो मी.