पास केलेल्या गोळ्या

जबाब देणार: औषध कारखान्याच्या तपासणी विभागात ‘मोठ्या बाई’ म्हणून ओळख, वय ४८ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला.

मी आपणहून ठाण्यात येऊन सांगते की, माझी धाकटी जाऊ माझ्याच विभागात कामाला आहे. तिला मीच चिकटवली. दोघींचे नवरे व सासरे यांच्यासह आम्ही एकत्र राहतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांत बनवताना काही घातक अंश राहिला आहे का, हे मी वर्षानुवर्षं जुन्या मशीनवर तपासते. गेल्या महिन्यात नवीन मशीन आलं. साहेबांनी ते धाकटीला दिलं, मला साधं विचारलंसुद्धा नाही. जुन्याला खडा दिसतो, नव्याला खड्यावरची धूळही दिसते, असं ती जेवताना सांगत होती. सासरे म्हणाले, “वा, सूनबाई!” मला कधी म्हणाले नाहीत. माझा जळफळाट झाला, हे खोटं नाही.

सोमवारी तिने मी पास केलेल्या गोळ्या नव्या मशीनवर लावल्या. कोणी सांगितलं होतं? त्यांत घातक अंश निघाला. साहेबांसमोर म्हणते, “ताई, तुमचं काही चुकलं नाही हो, तुमच्या मशीनला तेवढं दिसतच नाही.” हा साळसूदपणा मी चांगला ओळखते. माल अडकला, माझा सहीचा अधिकार तिला दिला.

माझी तक्रार अशी की, मला खाली पाडायला तिने नमुन्यात मुद्दाम काहीतरी मिसळलं. ती जेवायला गेल्यावर मी स्वतः पाहिलं. आधी गोळी न घालता नुसतं द्रावण मशीनला दिलं. भांड्यात किंवा द्रावणात काही असतं, तर तिथेच दिसलं असतं. दिसलं नाही. मग सीलबंद पाकीट माझ्या हाताने फोडून त्यातली गोळी लावली. त्यात अंश दिसला. तरी माझी तक्रार कायम आहे. ती बाई काहीही करू शकते.

घरात कोणी या गोळ्या घेतं का, असं हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, सासरे घेतात. रोज सकाळी मीच देते. मंगळवारपासून त्या बंद करून दुकानातून दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. घरात कोणाला बोलले नाही, धाकटीला तर नाहीच.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. गोळ्या बदलल्याचं तेवढं गाळा, असं मी म्हटलं. एकदा सांगितलेलं गाळता येत नाही, असं हवालदार म्हणाले. मग असू दे. सगळं मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.